दोऱ्यावर दाणा धरेना

आठव्या दिवशीही दोरा कोराच निघाला. नातीने बरणीवर आडवी ठेवलेली पेन्सिल उचलली, तसा तिला बांधलेला दोरा चिकट पाकातून लोंबत वर आला. खडीसाखर सोडाच, त्यावर एक कण नव्हता.

"आजोबा, काहीच नाही हो," ती रडवेली झाली. "उद्या शाळेत बाई बघणार आहेत."

आजोबा मटकन खुर्चीत बसले. साखर कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी पाक उकळला होता. पाक कधी दाणा धरणार, हे म्हणे ते नुसत्या वासावरून सांगायचे. आता डोळे अधू झालेले, म्हणून त्यांनी बसल्या जागी सांगायचं आणि नातीने करायचं, असं ठरलं होतं. पोरीने शब्दन् शब्द पाळला. गरम पाण्यात साखर विरघळेनाशी होईपर्यंत घातली. ओला दोरा साखरेत घोळवून वाळवला, कारण दोऱ्यावरच्या कणांनाच पुढचे कण येऊन चिकटतात. मग आठ दिवस बरणीला कुणी बोट लावलं नाही. एवढं करूनही असं व्हावं म्हणजे कमालच झाली!

"संपलं," आजोबा म्हणाले. "रोज म्हणतोय ना तुला, डोकं चालेनासं झालंय माझं. काहीतरी उलटसुलट सांगितलं असणार."

पण त्यांना राहवेना. ते उठले, चाचपडत टेबलापाशी आले आणि त्यांनी थेट बरणीत बोट बुडवून तळ खरवडला. बोटाला नुसता बुळबुळीत चिकटा लागला.

"साखर कुठली घेतलीस गं?"

"तुमच्या डब्यातली. दुसरी संपली होती."

आजोबांच्या चहासाठी वरच्या फळीवर वेगळा डबा असायचा. सून आपल्यासाठी निवडक साखर ठेवते, हे ते दोन वर्षं येईल त्याला कौतुकाने सांगत होते. नातीने तो डबा आणला. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं. खरखर नाहीच, भुकटी झाली. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"अगं, ही साखरच नाही!"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"गोडीपुरती पावडर आहे ती, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "तिने शुगर वाढत नाही. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

"छे. मुळीच नसतं ऐकलं."

नातीला काही समजेना. "पण आई, त्याच दिवशी मी तुला म्हटलं होतं की आजोबांची साखर घेतली म्हणून."

सुनेने मान खाली घातली. आजोबा आता डबा भिरकावणार असं दोघींनाही वाटलं. त्यांनी झाकण नीट दाबून बसवलं.

"साखरेचं सोड, सूनबाई. ते माझ्याच भल्याचं होतं," ते म्हणाले. "पण आठ दिवस मी या पोरीला सांगत होतो की आजोबाचं डोकं गेलं, आणि तू इथेच, दोन हातांवर, ऐकत होतीस."