रबराची पोरगी

पुसदजवळच्या तांड्यावरची संगीता राठोड मागं वाकली की तिचं डोकं थेट टाचांना टेकायचं. बाकी पोरींना वर्षभर घाम गाळूनही जे जमत नसे, ते तिला पहिल्याच दिवशी जमलं होतं. योगासनाचे सर कौतुकानं तिला रबराची पोरगी म्हणत आणि रोज आणखी ताण द्यायला लावत.

राज्य स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना वेणी घालता घालता तिचा खांदा निखळला. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप होती. आई मानीबाई तिला यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी तिची बोटं, कोपरं, गुडघे वाकवून पाहिले.

"बेटा, हे कसब नव्हे, आजार आहे. सांधे धरून ठेवणारे बंध जन्मापासूनच सैल आहेत. ताण देऊन देऊन ते आणखी सैल झाले. आसनं आजपासून बंद."

"मंग परत कधी सुरू करू?" संगीतानं विचारलं.

"कधीच नाही."

मानीबाई हळूच म्हणाली, "साहेब, माहे खांदे बी असेच निखळत. मले वाटे, भारे वाहून होते."

"रक्तातूनच येतो हा," डॉक्टर म्हणाले.

दोघी तांड्यावर परतल्या तेव्हा संगीताची धाकटी बहीण, आठ वर्षांची बबिता, अंगणात त्यांचीच वाट पाहत होती. तिनं दोन्ही पाय दोन दिशांना सरळ पसरून अलगद जमिनीला टेकवले.


"ताई, पाह्य! अन् मले कोणी शिकवलं बी नाही!"