आकाशाकडे धरू नये

"दाब."

तिने विमानात बसून डाव्या पायाने ब्रेकचं पेडल दाबून धरलं. खाली चाकाशी उकिडवे बसलेल्या भावोजींनी पाना फिरवला. पेडल हळूहळू आत गेलं. ब्रेकमधलं लाल तेल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरत होतं.

"आवळलं. सोड." मग जरा थांबून ते म्हणाले, "बुडबुडे संपले. आता दगडासारखं लागतंय की नाही बघ."

दगडासारखं लागत नव्हतं. तेलात हवा राहिली की पेडल ओल्या स्पंजासारखं दबतं, तसंच ते अजून दबत होतं. तिने दारातून वाकून खाली पाहिलं. भावोजींच्या नाकासमोरच्या नळीत, लाल तेलात बुडबुड्यांची माळ लागली होती.

"परत करू या, भावोजी. माझा पाय हलला."

"पाय आहे की पाळणा?" ते कुरकुरले, पण त्यांनी पाना पुन्हा लावला. या वेळी नळीवर ती स्वतःच लक्ष ठेवून राहिली. बऱ्याच वेळाने पेडल घट्ट झालं.

खाली उतरून हात पुसता पुसता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "ताईचा नवा निळा स्वेटर तुम्ही राखाडी म्हणालात म्हणे."

"तुझ्या बहिणीच्या कपड्यांचे रंग ओळखायची परीक्षा देऊन लग्न नव्हतं केलं मी."

"ती म्हणते, डोळे दाखवून घ्या."

"इतकी वर्षं तिला डोळेच दाखवतोय. तिला फरक पडलाय का काही?"

तिला हसू आलं. भावोजी मात्र हसले नाहीत. ते पंखाखाली गेले होते.

दोन आसनांचं ते लहानसं विमान बरेच दिवस पावसात बाहेर उभं होतं. पंखातल्या टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं निघालं होतं. ते त्यांनी सकाळीच बदललं. आता आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं होतं आणि वैमानिक, तिच्याच वयाचा मुलगा, बॅग पायाशी ठेवून कुंपणापाशी येरझारा घालत होता. फक्त पेट्रोल तपासायचं राहिलं होतं. ते काम भावोजींचं. त्यांनी अंगठा वर केला की या धावपट्टीवर पुढे कुणी काही विचारत नसे.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीत शिरलं तर तळाशी बसतं, म्हणून तळाची झडप दाबून पेलाभर नमुना काढायचा. थोडं पाणी असेल तर पेल्यात दोन थर दिसतात. फसवणूक होते ती सगळं पाणीच आलं तर. मग थर नसतो, आणि पेट्रोलचा वास पाण्यालाही लागलेला असतो. उरतो तो रंग. विमानाच्या पेट्रोलमध्ये फिका निळा रंग घातलेला असतो. पेला पंखाच्या पांढऱ्या पोटाशी धरला की तो दिसतो.

कामाच्या पहिल्या दिवशी तिने पेला वर उचलून धरला होता, तेव्हा भावोजींनी तिच्या बोटांवर पाना आपटला होता. "आकाशाकडे धरू नये. आकाश कशालाही निळं करतं."

भावोजींनी झडप दाबली, पेला भरला आणि पंखाच्या पोटाशी नेला. बघत राहिले. पेला जवळ आणला, लांब नेला. डोळे मिचकावले. मग ते पंखाखालून बाहेर आले आणि त्यांनी पेला आकाशाकडे धरला.

"निळं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी अंगठा वर केला.

वैमानिकाने बॅग उचलली.

ती पंखाच्या सावलीत उभी होती. भावोजींनी हात खाली घेतला तसा पेला त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यासमोर आला. त्यात निळं काहीच नव्हतं. नियम ते विसरले नव्हते, तिच्या लक्षात आलं. पांढऱ्यावर त्यांना आता निळं दिसतच नव्हतं, पेट्रोल असो वा नसो.

एक वाक्य पुरलं असतं. वैमानिक ऐकू जाईल इतका जवळ आला होता, आणि ते वाक्य त्याच्या कानावर पडलं असतं तर भावोजींचा अंगठा पुन्हा कुणी मानला नसता. नाही बोलली, तर विमान झाडांच्या वर पोचेपर्यंत इंजिनात पाणी पोचलं असतं.

"भावोजी, हात पुढे करा."

"कशाला?"

"करा ना."

त्यांनी हात पुढे केला. तिने त्यांच्याकडून पेला घेतला आणि त्यांच्या तळहातावर जरासा कलता केला. पेट्रोल असतं तर कातडीला चटका दिल्यासारखा गारवा लागला असता आणि बघता बघता हात कोरडा झाला असता. हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

दोघं हाताकडे बघत उभे राहिले. वारा होता, ऊन होतं. तळहातावरच्या रेघांत पाणी चमकत होतं.

"झालं का, मिस्त्री?" वैमानिकाने विचारलं. "निघू?"

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. हात पुसलाही नाही. पेला तिच्या हातून घेतला, जमिनीवर रिकामा केला आणि परत तिच्याच हातात दिला.

"तिला विचार," ते म्हणाले. "यापुढे तिलाच विचारायचं."

ती पंखाखाली वाकली. पेल्यामागून पेला तिने काढला, पांढऱ्याशी धरला आणि ओतला. अखेर एका पेल्यात तळाशी पाणी आणि वर फिकं निळं दिसलं. त्यानंतरच्या पेल्यांत नुसतं निळं. तिने मागे वळून पाहिलं. भावोजी चाकाला टेकून बसले होते, हात अजून तसाच उघडा, आणि तो सुकण्याची वाट बघत होते.