केसाएवढी फट
एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर असताना काटेरी कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करायची, हा बाबांचाच नियम. म्हणून मी काडतूस बाहेर काढायला बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, तर काडतुसाची नुसती पुंगळी बाहेर आली. तिच्यातली दारू बंदुकीच्या पोटात सांडली आणि गोळी पुढे नळीतच रुतून बसली. भरताना गोळी पुंगळीत पुरेशी आत दाबली नव्हती, म्हणून काडतूस लांब झालं होतं. गोळी नळीतल्या आट्यांना टेकू द्यायची नाही, मध्ये केसाएवढी फट ठेवायची, नाहीतर दाब वाढून बंदूक तोंडावर फुटू शकते, हे बिटररूटच्या खोऱ्यातल्या निम्म्या शिकाऱ्यांना बाबांनीच शिकवलेलं. ही काडतुसंही त्यांनीच भरलेली, परवा, गॅरेजचं दार आतून लावून. खिशातली उरलेली मी तळहातावर उभी केली. कुठलीही दोन सारख्या उंचीची नव्हती. कुंपणापलीकडे एल्क निवांत चरत होता. शेजारी उभ्या बाबांनी माझ्या हातातून पुंगळी घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. "कुठल्या गाढवानं भरली ही?" थट्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते. "मी, बाबा." "वाटलंच मला. आईवर गेलीस. मोजायचा कंटाळा." मग त्यांनी माझी नारिंगी टोपी कानांवर नीट ओढली. "तोंड पाडू नकोस, लॉरीन. पुढच्या वर्षी मीच भरून देतो."