जुळणारं नाव

"रुग्णाला मूत्रपिंड कोण देऊ शकेल, ते रक्तगटावरून शोधणारा प्रोग्रॅम लिहा," कॉलेजच्या संगणकाच्या तासाला सरांनी सांगितलं. "रुग्ण खोटा चालेल, माणसं घरचीच घ्या."

केतकीला खोटा रुग्ण शोधावा लागला नाही. बाबांचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं होतं. तिने त्यांच्यापुढे 'ओ' लिहिलं. आई 'बी', दादा 'बी'. स्वतःच्या नावापाशी हात जरा रेंगाळला, मग तिथेही तिने 'बी' टाकलं. शाळेच्या ओळखपत्रावर आईने अंदाजाने तेच लिहिलं होतं आणि घरात अजून सगळे तेच धरून चालले होते. येत्या वैशाखात केतकीचं लग्न होतं.

प्रोग्रॅम चालला. उत्तर आलं, कोणी नाही. तिने हळूच श्वास सोडला.

शेजारी बसलेली मैथिली वाकून बघत म्हणाली, "अगं, तू 'ओ' आहेस. गेल्या महिन्यात बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला रक्तगट तपासताना तुझ्या बोटाला सुई मीच नाही का टोचली?" केतकी हात आडवा घालेपर्यंत तिने अक्षर बदलून बटण दाबलंसुद्धा.

सर मागेच उभे होते. त्यांना बाबांचं काही ठाऊक नव्हतं. "आता बरोबर आलं. वाच बघू मोठ्याने, कोण देऊ शकतं?"

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. पडद्यावर एकच नाव होतं. गेला महिनाभर तिने जे आईलाही कळू दिलं नव्हतं, ते आता मोठ्याने वाचायचं होतं.

"मी," केतकी म्हणाली.