उजवा हात

त्या पत्राला शिवराजने उत्तर दिले नव्हते. टीव्हीमागे खोचलेले ते पाकीट त्याच्या बापाला, जोतिरामला, जाता-येता दिसायचे. पत्र इंग्रजीत होते. त्याने ते मुलाकडून इतक्यांदा वाचून घेतले की त्यातल्या औषधाचे नाव त्याला पाठ झाले होते. प्रेडनिसोलोन.

पुण्यातल्या सामन्यानंतर झालेल्या उत्तेजकांच्या तपासणीत ते सापडले होते. खेळाडूच्या अंगात जे निघेल त्याला खेळाडूच जबाबदार, असे पत्र म्हणत होते. कुणी नकळत दिले असेल तर पुरावा द्या, नाहीतर खेळणे बंद.

सांगोल्याकडच्या माळावर मेंढरे राखलेल्या घरातला मुलगा गोव्याच्या क्लबकडून फुटबॉल खेळत होता. त्याचा पुण्यातला तो एकच सामना जोतिरामने मैदानात बसून पाहिला होता. त्या सकाळी शिवराज लॉजवर येऊन पाया पडला होता. क्लबच्या डॉक्टरकडून साखर तपासून घेतो म्हणून लघवीची बाटली भरून घेऊन गेला होता. बापाची एवढी काळजी कोण करतो, असे जोतिराम महिनाभर कारखान्याच्या गेटवर सांगत होता. तिथे तो वॉचमन होता.

"कुणी दिलं त्येवढं सांग," तो रोज विचारायचा.

"कुणी न्हाय, आबा."

"मग काय आबाळातनं पडलं?"

शिवराज ताटात बघत राही. शेवटी जोतिरामनेच नाव काढले. "त्यो संगमेश. होटगी रोडचा जिमवाला. सुट्टीत त्येच्याकडंच पडलेला असायचास की."

शिवराज हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुपारी जिम बंद असे. संगमेश एकटाच आत वजने पुसत होता. जोतिराम काठी घेऊन जिना चढला. दोन वर्षांपूर्वी त्याला उकिडवे बसता येत नव्हते. मैंदर्गीच्या वैदूची पुडी सुरू केल्यापासून गुडघे विसरल्यासारखे झाले होते, आणि चेहराही भरला होता. शिवराजने मागून शटर ओढून घेतले.

"या, आबा. चहा सांगू?" संगमेश म्हणाला.

पहिली काठी त्याच्या कानावर बसली. तो बाकावर कोसळला, उठू लागला, तेव्हा दुसरी नडगीवर. हाड वाजले. तो फरशीवर सरपटत आरशाकडे गेला आणि आरशावर त्याच्या तळव्याचा लाल छाप उमटला.

"माझ्या पोराला काय दिलंस?"

"त्यानं मागितलं म्हणून दिलं, आबा. इंजेक्शनं दिली. पण ती ही नव्हेत. मी दिलेलं सापडलंच नाही की. हे दुसरंच कसं निघालं, मला तरी कुठं कळतंय?"

"दिलं म्हंतोयस की."

"शिवा, सांग की तुझ्या बापाला."

शिवराज शटरला पाठ लावून उभा होता. त्याने मान खाली घातली.

जोतिरामने संगमेशचा डावा हात बाकावर ओढला, गुडघ्याने दाबून धरला आणि शेजारची लोखंडी चकती उचलून बोटांवर आदळली. संगमेश ओरडला, तेव्हा त्याच्या तोंडात घामाने भिजलेला टॉवेल कोंबला. चकती पुन्हा आदळली. तिसऱ्यांदा आदळली तेव्हा जोतिरामचे स्वतःचे मनगटही पिरगळले, पण त्याला ते जाणवले नाही.

"उजवा ठेवलाय," तो म्हणाला. "लिवायला."

संगमेशने लिहिले. शिवराजला न सांगता ताकातून औषध दिले, तो निर्दोष आहे. औषधाच्या नावाशी तो अडला, तेव्हा जोतिरामने ते एकेक अक्षर करून सांगितले. कागदावर रक्ताचा थेंब पडला म्हणून तो फाडून पुन्हा लिहून घेतला. खाली उतरताना वरून रडणे ऐकू येत होते. "पोलिसात गेलास तर तुज्या इंजेक्शनांचं मी बी सांगीन," असे जोतिराम निघताना म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मनगट भाकरीसारखे फुगले. बायको वैजयंती म्हणाली, "दारात पडलासा म्हणं. पडलेल्या माणसाला डाक्टर लागतो." पोस्टासमोरच दवाखाना होता. शिवराज मोटारसायकल घेऊन बाहेर थांबला. उत्तराचे पाकीट, आत संगमेशचा कागद, जोतिरामच्या खिशात होते.

डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबले. मग त्याच्या दंडावरचे जुने काळे-निळे डाग बघितले, चेहरा बघितला.

"काका, कसली पुडी घेता का?"

त्याने कौतुकाने खिशातून काढून दाखवली. "मैंदर्गीची हाय. झाडपाल्याची. लई गुण हाय हिला."

"झाडपाला नाही. याच वैदूची पुडी मी मागे तपासायला पाठवली होती." त्यांनी ती पुडी बाजूला ठेवली. "प्रेडनिसोलोन निघालं."

त्या त्याच्या उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळू लागल्या.

"किती दिवस घेताय?"

"दोन वरीस." मग त्याने विचारले, "लघवीत दिसतं का, बाई?"

"तपासली तर दिसणारच."

तो बाहेर आला. शिवराजने मोटारसायकल चालू केली. "काय म्हणाल्या, आबा?"

"साखर तपासून घ्या म्हणाली. पुण्यातल्यासारखी बाटली भरून."

शिवराजने मोटारसायकल बंद केली. तो वर बघेना.

जोतिराम रस्ता ओलांडून लाल पेटीपाशी गेला, आणि उजव्या हाताला पट्टी होती म्हणून त्याने पाकीट डाव्या हाताने आत टाकले.