बसल्या जागी

तूबा खानुमचा हिशेब सरळ होता. नौरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधीची झाडझूड सून एकटी उरकत असेल, तर गालिचे धुणाऱ्याचे नखरे वाचले, मोलकरणीवर नजर ठेवणं वाचलं आणि आपले दुखरे गुडघे वाचले. वर मोहल्ल्यात नाव झालं, ते वेगळंच.

आणि सून, माहरुख, खरोखरच एकटी उरकत होती. दोन रात्री तिनं जमिनीला पाठ टेकवली नव्हती. पडदे धुऊन परत टांगले होते आणि आता अंगणात मोठा गालिचा पसरून ती तो घासत होती. लग्नात अंगावर तटतटलेला झगा तिच्यावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. शेजारची इफ्फत खानुम चहाचं निमित्त करून आली आणि खिडकीच्या फळीवर बोट फिरवून धूळ शोधू लागली. सापडली नाही. तिचा चेहरा पाहून तूबा खानुमनं तिला गझ मिठाईची दुसरी वडी वाढली. इस्फहानात दुसरी वडी सहजासहजी निघत नाही.

तूबा खानुमची मुलगी नाहीद कोपऱ्यात बसून अंकुरलेल्या गव्हाच्या ताटावर पाणी शिंपडत होती. नौरोजच्या मांडणीत हे हिरवं ताट लागतं. नाहीद गुबगुबीत, हसरी, झोपाळू. नौरोजच्या भेटीगाठींत तिला बघायला माणसं येणार होती आणि नवा पोशाख काही केल्या पाठीवर मिटत नव्हता.

"या गव्हासारखीच आहेस बघ तू," तूबा खानुम इफ्फतच्या देखत म्हणाली. "बसल्या जागी वाढतेस."

नाहीद हसली. आईच्या टोमण्यांवर ती नेहमीच हसायची. या वेळी जरा उशिरा हसली, एवढंच.

सुनेचं गुपित तूबा खानुमला ठाऊक नव्हतं असं नाही. तांदळाच्या डब्यामागे तिला काचेची एक नळी सापडली होती, टोकाला काचेचाच गोल फुगा असलेली. माहरुखचा रंग उडाला. वजन उतरवायचा धूर आहे, म्हणाली. केस कापायला जाते तिथल्या बाईनं दिला, सगळ्या नवऱ्या मुली घेतात. तूबा खानुमनं नळी नाकाशी धरली. अफूचा वास नव्हता.

नशेबाज म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा नवरा अफूपायी शेगडीशेजारी बसून बसूनच संपला. भर दुपारी पेंगायचा, हाक मारली तर उत्तर येईपर्यंत चहा निवायचा. नशेबाज म्हणजे बसलेला माणूस. जी पोर दोन दोन रात्री बसत नाही, ती कसली नशेबाज? तूबा खानुमनं नळी होती तिथे ठेवून दिली. गालावर खाजवून खाजवून उठलेले फोड तिला दिसले होते. चकचकीत फरशीही दिसत होती. तिनं फरशी बघितली.

इफ्फत गेल्यावर ती अंगणात आली. नाहीदलाही ते शिकव, म्हणाली.

माहरुखचा ब्रश थांबला. ती वर न बघताच म्हणाली, "नको, आई. ते शिकवण्यासारखं नाही."

तूबा खानुमला वाटलं, जळते मेली. नणंद आपल्यापेक्षा देखणी दिसेल म्हणून जळते. पोरगा ट्रक घेऊन बंदरावर गेलेला, त्यानं बायकोला समजवायचं ते आता आपल्यालाच करावं लागणार.

"या घरचं मीठ खाल्लंस ना?" ती म्हणाली. "मग शिकव."

मिठाचं नाव निघाल्यावर सुनेला नकार देता येत नव्हता. ती बराच वेळ एकाच जागी घासत राहिली. मग नाहीदला घेऊन आत गेली आणि दाराला कडी लागली.

नौरोजला पोशाख मिटला. बघायला आलेल्या बाईनं नाहीदचं मनगट हातात घेऊन कौतुक केलं. दोघी नणंद-भावजया वाऱ्यासारख्या घरभर फिरत होत्या आणि तूबा खानुम तक्क्याला टेकून चहा पीत होती. एवढं सुख तिनं उभ्या जन्मात भोगलं नव्हतं.

उन्हाळ्यात माहरुखला गच्चीवर माणसं दिसू लागली. कुणीच नसायचं, पण ती किंचाळत राहायची. शेवटी तिचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले. तोवर नाहीदचा पुढचा दात पडला होता आणि बघायला आलेली माणसं रस्ता बदलून जात होती. तूबा खानुम दारात उभी राहून सुनेला नाही नाही ते बोलली, माझ्या लेकीची माती केलीस म्हणाली.

माहरुखनं ओढणी सारखी केली. "मी नको म्हटलं होतं, आई. तुम्ही मिठाचं नाव काढलंत."

पुन्हा नौरोज आला. या खेपेला गव्हाचं ताट तूबा खानुमनं स्वतःच लावलं, स्वतःच पाणी शिंपडलं. नाहीद सकाळपासून स्वयंपाकघराच्या दाराशी एकच फरशी घासत होती. फरशी कधीच लखलखली होती. नाहीदची बोटं सोलवटली होती, मनगटाची हाडं वर आली होती.

तूबा खानुमनं ताट उचललं आणि लेकीसमोर नेऊन ठेवलं.

"बस ना गं जरा," ती म्हणाली. "नाहीद जान, या गव्हासारखी बस. बसल्या जागी वाढ. मी कुणाला बोलू देणार नाही."

नाहीदनं ताटाकडे पाहिलं. ते ओल्या फरशीवर होतं. तिनं ते बाजूला सरकवलं आणि त्याखालची जागा घासायला घेतली.

इफ्फत खानुम आता येत नव्हती. घरात कुठेही बोट फिरवलं तरी धूळ लागली नसती. सून गेली होती, लेक समोर असून गेली होती. तूबा खानुमचे गुडघे तेवढे, हिशेबाप्रमाणे, वाचले होते.