गोल फिरणारं बोट

“मागे यायचं नाही,” ऋजुताने खुणेनेच मला बजावलं आणि एकटी व्हॅनच्या थांब्याकडे निघाली. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. परदेशातल्या आक्रा शहराच्या या उपनगरात येऊन आम्हाला पंधराच दिवस झालेले, जवळ गाडी नाही. मी केळीवालीच्या टपरीआड लपले.

व्हॅन भरधाव येत होत्या. प्रत्येकीच्या दारात लटकलेला कंडक्टर काहीतरी ओरडत होता. नाशिकला एका रिक्षावाल्याने तिचे हातवारे पाहून हसत तिला भलत्याच रस्त्यावर उतरवलं होतं. मी धावणार, तोच केळीवालीने माझा दंड धरला.

“पोरीचा हात बघा, मॅडम.”

ऋजुताने बोट जमिनीकडे रोखून गोल फिरवलं. कंडक्टरनेही तसंच बोट फिरवून विचारलं. तिने मान डोलावली. व्हॅन थांबली, ती चढली, गेलीसुद्धा.

“मोठ्या चौकात जायचं की इथे सगळे असंच बोट फिरवतात,” केळीवाली म्हणाली. “चार दिवस इथे उभी राहून शिकली. या गोंगाटात ऐकू येतंय कुणाला?”

लेकीला गाठायला मी रस्त्यावर धावले. पुढची व्हॅन दिसताच जिवाच्या आकांताने ओरडले.

व्हॅन थांबली नाही.